अर्टिगाचे चार टायर : सोलापुरातल्या खरेदीच्या नोंदी

31 ऑगस्ट 2025, रविवार

गाडी 2019 ची अर्टिगा, ओडोमीटर 61,240. चारही टायर गाडीसोबत आलेलेच आहेत. साइझ 185/65 आर15. घरात सहा माणसं, त्यामुळे गाडी निघते तेव्हा भरूनच निघते. तुळजापूर, अक्कलकोट, बार्शीला बहिणीकडे आणि अधूनमधून पुणे, एवढा वापर.

सर्व्हिसिंगला गाडी दिली होती. मेकॅनिक म्हणाला, "पुढचे दोन्ही आतनं गेलेत." बाहेरून बघितलं तर टायर बरे दिसतात. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, चाकाच्या आतल्या कडेवर मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा दिसलं. नक्षीची खोली मोजायचा गेज 180 रुपयांना मिळतो, तो आणला. मापं अशी आली :

पुढचा डावा : बाहेर 3.6, मध्ये 3.1, आत 1.7 मिमी.
पुढचा उजवा : बाहेर 3.5, मध्ये 3.2, आत 1.9 मिमी.
मागचे दोन्ही : सगळीकडे 3.9 च्या आसपास.

कायद्याने 1.6 मिमीच्या खाली टायर चालत नाही. नक्षीच्या खाचांमध्ये तेवढ्याच उंचीच्या आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात. बाजूला टीडब्ल्यूआय असं लिहिलेलं असतं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघायचं. टायर घासून त्या पट्टीच्या पातळीला आला की संपला. पण पावसात त्याच्या बऱ्याच आधी, 3 मिमीच्या खाली गेला की पाणी कापायची ताकद कमी होते आणि ब्रेक लांब लागतो.

गेजपेक्षाही जास्त कळलं ते तळहाताने. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला की प्रत्येक गोटीची (रबराच्या ठोकळ्याची) कड बोटांना टोचते. याचा अर्थ चाक सरळ न लोळता किंचित तिरकं घासत चाललंय. दोन्ही पुढचे टायर आतून खाल्ले गेलेत, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर फाकलेली आहेत. नवे टायर बसवून हे तसंच ठेवलं तर तेही आतूनच जाणार. म्हणून खरेदीच्या आधी गाडीचा दोष काढायचा असं ठरवलं. या कामातली सगळ्यात मोठी बचत इथेच आहे, टायरच्या भावात नाही.

2 सप्टेंबर

संध्याकाळी भाव काढत फिरलो. सात रस्ता, अक्कलकोट रोड, जुना पुणे नाका. गणपतीचे दिवस, रस्त्यात मंडपच मंडप, त्यामुळे वेळ बराच गेला. सगळीकडे एमआरएफ, सिएट, अपोलो, ब्रिजस्टोन दाखवतात. भाव 5,700 पासून 7,000 पर्यंत, टॅक्स धरून.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचा देऊ?" हा प्रश्न अपुरा आहे. एकाच कंपनीचे, एकाच साइझचे दोन-तीन प्रकार असतात आणि त्यांचं काम वेगवेगळं असतं. सिएटचाच मायलेज एक्स3 जास्त किलोमीटर चालावा म्हणून बनवलेला आहे, तर सिक्युराड्राइव्ह पकड आणि हायवेसाठी. जो दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर भाडं मारतो त्याने पहिला घ्यावा. आमची गाडी वर्षाला नऊ-दहा हजारच चालते. जास्त टिकणारा टायर घेतला तर नक्षी शिल्लक असताना रबर म्हातारं होणार. सोलापूरच्या उन्हात, एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला असताना, बाहेर उभ्या गाडीचं रबर लवकर कडक होतं. म्हणून ओल्या रस्त्यावर पकड देणारा बरा.

दोन ठिकाणी बाजूच्या साइझचा आग्रह झाला. "185 चा माल नाही, 195/65 टाका, गाडी भारी दिसती." घरी येऊन हिशोब केला. 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिमी ही टायरच्या भिंतीची उंची. ती दोन्हीकडून धरायची आणि 15 इंची रिमचे 381 मिमी मिळवायचे, एकूण व्यास साधारण 621 मिमी. 195/65 चा येतो 634. दोन टक्के मोठा. स्पीडोमीटरचा काटा आज जिथे आहे तिथेच असताना गाडी दोन टक्के जास्त पळत असेल, इंजिनला जड जाईल, आणि सातवी सीट भरली की मागे चाकाच्या कमानीत जागा कमी. दुकानात माल पडून आहे म्हणून आपण साइझ बदलायची गरज नाही.

साइझच्या पुढे 88एच असं लिहिलेलं असतं. 88 म्हणजे एका टायरने 560 किलो पेलायचं आणि एच म्हणजे ताशी 210 पर्यंतचा वेग. वेगाचं अक्षर आपल्याला फारसं कामाचं नाही, पण वजनाचा आकडा सात सीटच्या गाडीला मूळपेक्षा कमी घ्यायचा नाही. 82 चा आकडा 475 किलोचा आहे.

4 सप्टेंबर

काल रात्री जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. टायरवरचा कर 28 वरून 18 टक्के, लागू 22 सप्टेंबरपासून. घटस्थापनेचा दिवस.

भाव दहा टक्के उतरणार असं सगळे बोलतायत. तसं होत नाही. कर मूळ किमतीवर असतो, म्हणून सांगितलेल्या भावाला 128 ने भागायचं आणि 118 ने गुणायचं. उतार 7.8 टक्के येतो. मला आवडलेल्या टायरचा भाव 6,150 सांगितला होता, तो 5,670 व्हायला पाहिजे. चार टायरचे 1,920 रुपये वाचतात.

थांबायचं ठरवलं, पण एका अटीवर : तोपर्यंत गाडी शहराबाहेर न्यायची नाही. तुमच्या टायरची तार दिसत असेल किंवा भिंतीला फुगा आला असेल तर दोन हजारासाठी एक दिवसही थांबू नका. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. वरचं नुसतं रबर हवा धरून आहे, ते कधीही फुटेल.

7 सप्टेंबर, रविवार

स्टेपनी काढली. अर्टिगाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, खालून चिखल आणि डांबराची धग सोसत. आमची कधीच रस्त्याला लागलेली नाही, नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक. चुलतभाऊ टूरिस्ट गाडी चालवतो. तो म्हणाला, "तीनच घे दादा, चौथा हाच टाक. पाच-सहा हजार वाचतील."

ब्रशने धुऊन उन्हात बघितली. भिंत वाकवली की केसाएवढ्या बारीक भेगा उघडतात, गोल फिरत गेलेल्या. न वापरलेला असला तरी टायर 2019 चाच आहे. बनवल्याची तारीख डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकड्यांत असते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 1419 म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. बऱ्याच टायरवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली असेल तर गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत.

नक्षी भरपूर पण रबर सहा वर्षांचं, असा टायर एका बाजूला आणि नवाकोरा दुसऱ्या बाजूला, हे जोडीला चालत नाही. ब्रेक दाबल्यावर दोन चाकांची पकड वेगळी पडते. चारच घ्यायचे. मागच्या जुन्या दोनपैकी ज्याला भेगा नाहीत तो स्टेपनीच्या रिमवर चढवून ठेवायचा.

ज्यांना दोनच टायर परवडतात त्यांच्यासाठी : नवे दोन मागे टाका, पुढे नाही. आपल्याकडे नवे पुढे टाकायची पद्धत आहे, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि स्टिअरिंगने आवरत नाही. पुढची सुटली तर निदान वेग कमी करून सावरता येते.

13 सप्टेंबर, शनिवार

टायर घेण्याआधी नुसती अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते, तपासायला गेलो. तपासणीचे 200 रुपये.

स्क्रीनवर लाल आकडे आले. पुढची चाकं अपेक्षेप्रमाणे बाहेर फाकलेली. दुकानातल्या मुलाने टो (चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, ते माप) सेट केला, आकडे हिरवे झाले. मग त्याला म्हटलं, गाडी थोडी मागे-पुढे ढकलून परत आकडा घे. परत लाल. त्याने पुन्हा सेट केला, पुन्हा तेच. अर्धी सकाळ यात गेली आणि शेवटी तो म्हणाला, "मशीनचं थोडं इकडं-तिकडं होतंच." मशीनचं काही नव्हतं.

तिथून नेहमीच्या मेकॅनिककडे. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, आणि मला हात लावायला सांगितला. टाय रॉड एंडच्या, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यात टक टक असा ढिलेपणा स्पष्ट जाणवत होता, रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर आलेलं. सांधा असा सैल असला की कितीही वेळा अलाइनमेंट करा, पहिल्या खड्ड्यात ती जाते. दोन्ही बाजूंचे बदलले, मजुरीसह 1,850.

अलाइनमेंटच्या दुकानात "कॅम्बर पण आऊट आहे, त्याचे वेगळे पैसे" असंही सांगितलं होतं. अर्टिगासारख्या बहुतेक घरगुती गाड्यांना पुढचा टो तेवढा फिरवता येतो. कॅम्बर, म्हणजे उभं चाक आत किंवा बाहेर किती कललंय ते, जुळवायची सोय कंपनीने दिलेलीच नसते, आणि मागचा अख्खा ॲक्सल एक आडवा दांडा असतो, तिथे फिरवायला काही नाही. तो आकडा मापाबाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधायचं. फिरवल्याचे पैसे द्यायचे नाहीत.

22 सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी देवीचं झाल्यावर दुकान गाठलं. नवा भाव सांगितला 5,850. मी 128 आणि 118 चा हिशोब त्यांच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. मालकांनी दोन मिनिटं बघितलं, मग पोराला म्हणाले, "लिही, छप्पन्न सत्तर." जुन्या स्टॉकवरही नवाच कर लागतो, त्यामुळे "हा जुना माल आहे" हे कारण चालत नाही.

सांगून घेतलेल्या गोष्टी : चारही टायर एकाच वर्षाचे, 2025 चे, जीएसटीचं पक्कं बिल, बिलावर प्रत्येक टायरचा नंबर. नंबर नसलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही. वॉरंटी मुळात बनावटीतल्या दोषाची असते आणि जेवढी नक्षी घासली तेवढे पैसे वजा होतात. खड्ड्यात आपटून आलेला फुगा त्यात धरत नाहीत. काही कंपन्या ठरावीक टायरवर तीही हमी देतात, विचारून घ्या.

टायर सोलापुरात शिल्लक नव्हते, पुण्याच्या गोडाऊनमधून येणार. 2,000 आगाऊ दिले. ऑनलाइनही बघितलं होतं, टायरमागे शे-दीडशे कमी. पण तारीख हातात पडेपर्यंत कळत नाही, आणि बसवायला परत दुसऱ्याच्या दारात. नको वाटलं.

25 सप्टेंबर

सीना नदीला मोठा पूर आलाय. माढा-मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलंय, पुणे महामार्गावरची वाहतूकही अडली. लोकांची घरं, जनावरं, उभी पिकं पाण्यात आहेत, त्यापुढे आपल्या टायरचं काय. दुकानदाराला फोन करून घाई नाही म्हणून सांगितलं. नवरात्रात तुळजापूरला गाडीने जायचं होतं, ते आईला सांगून रद्द केलं. असल्या रस्त्यावर 1.7 मिमीच्या टायरवर सहा माणसं बसवून जायची हिंमत नव्हती.

29 सप्टेंबर, सोमवार

टायर आले. बसवायला घेण्याआधी चारही आडवे टाकून तारखा वाचल्या. दोन 2025 चे, दोन 2023 चे.

मालक म्हणाले, "तारखेनं काय होतंय ओ? गोडाऊनला सावलीत पडलेला माल हाय. रबर बघा की."

"होय की, रबर चांगलंय. मग भाव पण 2023 चा लावा."

त्यावर हसले, पण भाव कमी करायला तयार नव्हते. सावलीत नीट ठेवलेला दोन वर्षांचा टायर काही लगेच निकामी होत नाही, हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की आमचा वापर कमी, टायर आम्ही वयाने संपवणार, घासून नाही. दोन वर्षं दुकानात गेली तर ती माझ्या पैशातली गेली. शिवाय ठरलं तेव्हा 2025 चेच ठरलं होतं. दोन परत पाठवायला लावले. वाद वाढला नाही, पण आठवडा गेला.

ही तपासणी टायर रिमवर चढायच्या आधीच करायची. एकदा चढवला की तो वापरलेला झाला आणि परत कुणी घेत नाही. आयएसआयचा शिक्काही तेव्हाच बघून घ्यावा.

4 ऑक्टोबर, शनिवार

बदली टायर आले, तारखा बरोबर. ओडोमीटर 61,590. दसरा होऊन गेल्यामुळे दुकानात गर्दी नव्हती, हे बरं झालं.

व्हॉल्व्ह चारही नवे घेतले, 60 प्रमाणे 240. सहा वर्षांचा रबरी व्हॉल्व्ह ठेवून नवा टायर बसवला तर हवा तिथूनच हळूहळू जाते आणि दोष टायरला लागतो. नक्षी आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगवेगळी असेल तर भिंतीवर बाहेरची बाजू कुठली ते लिहिलेलं असतं, तेवढं चारही चाकांवर बघून घेतलं.

बॅलन्सिंगमध्ये चाक न थरथरता फिरावं म्हणून रिमला वजनाच्या पट्ट्या लावतात. पुढच्या डाव्या चाकावर मशीनने आतल्या बाजूला 85 ग्रॅम मागितले. बाकीच्या चाकांना 15 ते 30 लागले होते. पोरगं पट्ट्या ठोकायला निघालं. मी म्हटलं, थांब, चाक नुसतं फिरव आणि रिमच्या आतल्या काठाजवळ स्क्रू ड्रायव्हर स्थिर धर. चाक फिरलं तेव्हा काठ आणि टोकातली फट एका जागी येऊन बंद होत होती, पुन्हा उघडत होती. रिम वाकलेली. आत बोट फिरवल्यावर दोन इंचांचा चपटा भाग लागला. वजनं ठोकून आकडा शून्य झाला असता, पण डगमग राहिली असती आणि काठातून हवाही गेली असती. टायर उतरवून रिम शेजारी प्रेसवर सरळ करून आणली, 400 रुपये, दीड तास. लोखंडी रिम असल्यामुळे निभावलं. मग तेच चाक 25 ग्रॅमवर आलं.

शेवटी अलाइनमेंट. आता आकडे एकदाच हिरवे झाले आणि गाडी ढकलून परत बघितल्यावरही हिरवेच राहिले. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद छापून घेतले.

निघताना हवा तपासली, चारही टायरमध्ये 42 निघाली. टायर रिमवर नीट बसावा म्हणून आधी जास्त भरतात आणि कमी करायची राहून जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्याप्रमाणे उतरवून घेतली. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. नायट्रोजनला नाही म्हटलं. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. महिन्यातून एकदा सकाळी, टायर थंड असताना साधी हवा तपासली की घरच्या गाडीला पुरतं. दुपारी हायवेवरून येऊन तपासली तर दाब वाढलेला दिसतो आणि पंपवाला हवा सोडून देतो. सोलापुरात बरेच टायर याच सवयीने कमी हवेवर चालतात आणि दोन्ही खांद्यांवर, म्हणजे कडांना, घासतात.

खर्च : टायर 22,680, व्हॉल्व्ह 240, बॅलन्सिंग 400, अलाइनमेंट 500 आणि आधीच्या तपासणीचे 200, रिम 400, टाय रॉड एंड 1,850, गेज 180, स्टेपनीचा टायर बदलायचे 100. जुने चार टायर दुकानानेच घेतले, त्याचे 900 वजा. हातातून गेले 25,650.

6 ऑक्टोबर

बार्शीला जाऊन आलो. पहिले शे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो. परतल्यावर चारही चाकांचे नट हाताच्या पान्याने पुन्हा आवळले. मागच्या उजव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले. दुकानात हवेच्या गनने आवळतात, त्यात एखादा सैल राहतो, एखादा इतका घट्ट की रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या माणसाला निघत नाही. घरी आल्यावर सगळे एकदा ढिले करून पान्याने आवळून ठेवावेत, म्हणजे आपल्याला निघतात की नाही तेही कळतं.

9 नोव्हेंबर, रविवार

ओडोमीटर 63,120. कोजागरीला तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्यांचा असतो, त्यामुळे तुळजापूर त्यानंतर केलं. एकदा पुणेही झालं. 80 ते 100 मध्ये स्टिअरिंगला थरथर नाही, हात सोडला तर गाडी सरळ जाते.

गेज लावला. पुढचा डावा : बाहेर 7.3, मध्ये 7.4, आत 7.3. पुढचा उजवा : 7.4, 7.4, 7.3. तळहात दोन्ही दिशांनी सारखाच गुळगुळीत फिरतो. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करायचे आहेत 70,000 ला, आणि त्याच वेळी टो परत तपासायचा आहे. दोन्ही गोष्टी टायरच्या बिलाच्या मागे लिहून बिल गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवलंय.